धूसरपणाची वाटणी: हायपरफोकल अंतराच्या प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर

प्रकल्पाचा हेतू एवढाच: वाइड लेन्सने लँडस्केप काढताना फोकस कुठे ठेवायचा, याचं अंदाजपंचे उत्तर बंद करून मोजून काढलेलं उत्तर वापरायचं. शेवटी कॅमेऱ्याच्या बॅगेत राहील असं एक कार्ड तयार व्हायला हवं. ॲप ढिगाने आहेत, पण ॲप जो आकडा दाखवतं तो कुठून आला हे कळल्याशिवाय त्यावर विसंबून राहणं मला जमत नाही.

साहित्य: २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा (सेन्सर ३६ मिमी रुंद), २४ मिमीची प्राइम लेन्स (झूम न होणारी), ट्रायपॉड, मोजायची टेप, वही. झूम लेन्स मुद्दाम बाजूला ठेवली आहे. एकाच फोकल लेंग्थचा (लेन्सच्या मिमीतल्या आकड्याचा) हिशेब नीट पचला की बाकीचे आपोआप सुटतील.

व्याख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. फोकस जास्तीत जास्त जवळ आणूनही इन्फिनिटी, म्हणजे अगदी लांबचं सगळं, पुरेशी शार्प राहते, ते अंतर म्हणजे हायपरफोकल अंतर. फोकस तिथे ठेवला की त्याच्या निम्म्या अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळं ‘पुरेसं’ शार्प धरायचं. हे ‘पुरेसं’ म्हणजे किती मिलिमीटर, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरेपर्यंत गणित पुढे सरकत नाही.

५ ऑक्टोबर

सूत्र सोपं आहे. फोकल लेंग्थचा वर्ग घ्यायचा. त्याला ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा, आकडा (एफ/८ मधला ८; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि सर्कल ऑफ कन्फ्युजन यांच्या गुणाकाराने भागायचं. आलेल्या उत्तरात फोकल लेंग्थ मिळवायची. सगळं मिलिमीटरमध्ये.

सर्कल ऑफ कन्फ्युजन म्हणजे सेन्सरवर एका बिंदूची जी धूसर चकती पडते, तिचा चालवून घेण्याजोगा सर्वांत मोठा व्यास. फुल-फ्रेमसाठी रूढ आकडा ०.०३ मिमी.

माझ्या लेन्सचा हिशेब, एफ/८ वर: २४ चा वर्ग ५७६. ८ गुणिले ०.०३ म्हणजे ०.२४. भागाकार २४००. अधिक २४. म्हणजे २४२४ मिमी, २.४२ मीटर. निम्मं १.२१ मीटर. फोकस २.४२ वर ठेवला तर १.२१ मीटरपासून पुढचं सगळं पदरात.

त्याच लेन्सवर एफ/२.८ ला ६.८८ मीटर, एफ/५.६ ला ३.४५, एफ/११ ला १.७७, एफ/१६ ला १.२२. ॲपर्चर दोन स्टॉप बंद केलं, म्हणजे एफ/५.६ वरून एफ/११ ला नेलं, की अंतर साधारण निम्म्यावर येतं.

फोकल लेंग्थ मात्र वर्गात बसली आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. एफ/८ वर १६ मिमीला १.०८ मीटर, ३५ मिमीला ५.१४, ५० मिमीला १०.४७, ८५ मिमीला ३०.२, आणि २०० मिमीला जवळजवळ १६७ मीटर. २०० मिमीला फोकस १६७ मीटरवर ठेवून ८३ मीटरपासून पुढचं शार्प मिळवण्यात काय हशील? टेलिफोटोने डोंगर काढणाऱ्याने सरळ डोंगरावर फोकस करावा आणि हा सगळा विषय विसरून जावा.

८ ऑक्टोबर

०.०३ मिमी हा आकडा आला कुठून? मुळात तो प्रिंटवरून आला आहे. साधारण ८ बाय १० इंचांची प्रिंट, हातात धरून २५ सेंटिमीटरवरून बघायची. ३६ मिमी रुंदीची निगेटिव्ह तेवढी करायला सातआठ पटींनी वाढवावी लागते. ०.०३ ची चकती आठ पटींनी वाढली की पाव मिलिमीटरच्या आसपास होते, आणि एवढ्या अंतरावरून साध्या डोळ्याला ती ठिपक्यासारखीच दिसते. निगेटिव्हचा कर्ण भागिले १५०० असंही एक गणित आहे. ४३.३ भागिले १५०० म्हणजे ०.०२९. फिरून फिरून तिथेच.

आता माझा सेन्सर: ३६ मिमी रुंदीत ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ०.००६ मिमीचा. ०.०३ ची चकती पाच पिक्सेल रुंद. फिल्मच्या जमान्यात जी मर्यादा हातातल्या प्रिंटसाठी ठरली, ती आज मॉनिटरवर शंभर टक्के मोठं करून बघणाऱ्याला कशी पुरणार? पाच पिक्सेलचा धूसरपणा शंभर टक्क्यांना सरळ डोळ्यांत भरतो. ‘हायपरफोकल वापरलं तरी लांबचं मऊ आलं’ या तक्रारीचं उगमस्थान बहुधा हेच.

०.०१५ धरलं तर एफ/८ चं अंतर ४.८२ मीटर होतं. ०.०१ धरलं तर ७.२२ मीटर. लेन्स तीच, ॲपर्चर तेच, आणि तीन वेगळी ‘बरोबर’ उत्तरं. म्हणजे हायपरफोकल अंतर ही काही लेन्सवर कोरलेली गोष्ट नाही. प्रिंट किती मोठी करणार आणि किती जवळून बघणार, यावर ते पुढेमागे होतं.

लेन्सवर डेप्थ ऑफ फिल्डच्या (शार्प दिसणाऱ्या पट्ट्याच्या) ज्या रेघा असतात त्याही याच जुन्या मापाने आखलेल्या असतात. म्हणून अनुभवी लोक एफ/११ वर काढताना एफ/५.६ च्या रेघा वापरतात. दोन स्टॉपची सवलत सोडली की चकती निम्मी होते, ०.०३ ऐवजी ०.०१५. त्यामागचं गणित माहीत नसतानाही ही सवय बरोबर होती.

९ ऑक्टोबर

क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान सेन्सरचा, गोंधळ एकदाचा मिटवून टाकतो. लहान सेन्सरला डेप्थ जास्त मिळते म्हणतात आणि कॅल्क्युलेटर उलटं दाखवतो. दोन्ही खरं आहे, प्रश्न वेगळे आहेत.

१.५ क्रॉपच्या सेन्सरला ०.०२ मिमी धरतात. माझीच २४ मिमी लेन्स तिथे लावली तर एफ/८ वर ३.६२ मीटर, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लांब, कारण तीच चकती आता जास्त पटींनी मोठी होणार. पण फ्रेम तीच हवी असेल तर क्रॉपवर १६ मिमी लावावी लागते, आणि तिचं अंतर येतं १.६२ मीटर. लँडस्केप काढणारा फ्रेम बघून लेन्स निवडतो, म्हणून त्याच्यापुरतं लहान सेन्सरला डेप्थ जास्त मिळते हेच खरं.

१२ ऑक्टोबर

मोकळ्या मैदानात मांडणी केली. १.२, २.४, ५ आणि १० मीटरवर खांबांना छापलेली पानं लावली. प्रत्येक पानावर वर जाड ठसठशीत अक्षरं, खाली बारीक मजकूर. सगळ्यांच्या मागे, बरंच लांब, निष्पर्ण झाडांची रांग. आकाशाच्या पार्श्वभूमीवरच्या बारीक काटक्या म्हणजे फोकस तपासायला आयती फूटपट्टी.

टेप कुठून धरायची? कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला एक खूण असते, वर्तुळातून आडवी रेघ गेलेली. ती सेन्सरची पातळी. लेन्सवरचे अंतराचे आकडे तिथून मोजलेले असतात. सूत्र काटेकोर लावायचं तर अंतर लेन्सपासून धरावं लागेल, पण २.४ मीटरवर त्या चार बोटांच्या फरकाने काही बिघडत नाही. मॅक्रोला बिघडेल.

खरी अडचण दुसरीच निघाली. लेन्सवर अंतराची पट्टी आहे, पण १ मीटरच्या खुणेनंतर थेट इन्फिनिटीची खूण. मधल्या सगळ्या जगासाठी रिंगवर जेमतेम काही मिलिमीटर जागा. २.४२ मीटर तिथे डोळ्याने लावणं अशक्य. म्हणून २.४ मीटरवरच्या पानावर लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) मोठा करून फोकस केला, लगेच मॅन्युअलला टाकलं आणि रिंगवर कागदी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून पेनने रेघ मारली. इन्फिनिटीलाही तेच केलं, कारण रिंग खुणेच्या थोडी पुढेही फिरते. शेवटपर्यंत फिरवली की इन्फिनिटी आली असं समजणाऱ्यांचे तारे त्यामुळेच फुगतात.

तीन मालिका घेतल्या, सगळ्या एफ/८ वर: फोकस २.४ मीटरवर, ४.८ मीटरवर आणि इन्फिनिटीला. वारा नव्हता, हे नशीब.

१३ ऑक्टोबर

आजची नोंद लांबणार.

आधी प्रिंट. दहा इंच रुंदीच्या प्रिंटवर २.४ मीटरचा फोटो सगळ्यांत सरस. १.२ मीटरचं पान वाचता येतं, झाडांची रांगही नीट. सूत्राने दिलेला शब्द पाळला.

मग मित्राला फाइल दाखवली. त्याने सवयीने लगेच शंभर टक्के केलं.

“काटक्या मऊ आल्यात रे. फोकस चुकलाय.”

“चुकलेला नाही. मोजून ठेवलाय.”

“मग मोजायचं कशाला? हा इन्फिनिटीवाला बघ, काटकी न् काटकी सुटी दिसतेय.”

तो चूक नव्हता. त्याच्याशी बोलता बोलताच गणित दुसऱ्या बाजूने मांडून बघितलं, आणि या प्रकल्पातली सगळ्यांत कामाची गोष्ट हाती लागली.

फोकस इन्फिनिटीला असेल तर कुठल्याही अंतरावरचा धूसरपणा, त्या वस्तूच्या जागी मोजला, तर लेन्सच्या उघड्या छिद्राएवढाच असतो. २४ मिमी, एफ/८ म्हणजे छिद्र ३ मिमी. एक मीटरवर ३ मिमी, शंभर मीटरवरही ३ मिमी. १.२ मीटरवरच्या पानावर हे अगदी स्वच्छ दिसतं. जाड अक्षरांच्या रेघा ३ मिमीहून रुंद, त्या टिकल्या. बारीक मजकुराची राखाडी पट्टी झाली.

फोकस २.४ मीटरवर आणला की १.२ मीटरवरची चकती दीड मिमीची होते आणि मजकूर परत येतो. पण त्याची किंमत लांबवर मोजावी लागते: शंभर मीटरवर धूसर चकती सुमारे १२ सेंटिमीटरची, आणि एक किलोमीटरवर सव्वा मीटरची. काटक्या मऊ येणारच.

तेच पिक्सेलमध्ये लिहिलं तर जास्त बोलकं होतं. २.४ मीटरवर फोकस: १.२ मीटरचं पान ५ पिक्सेल धूसर, क्षितिज ५ पिक्सेल धूसर. ४.८ वर फोकस: पान साडेसात, क्षितिज अडीच. इन्फिनिटीला फोकस: पान १०, क्षितिज शून्य.

बेरीज करा. पाच आणि पाच, साडेसात आणि अडीच, दहा आणि शून्य. दर वेळी दहाच. हा योगायोग नाही. फोकल लेंग्थचा वर्ग भागिले ॲपर्चरचा आकडा आणि सर्वांत जवळच्या वस्तूचं अंतर यांचा गुणाकार, एवढीच ती बेरीज येते, आणि त्यात फोकसचं अंतर कुठेच नाही! ५७६ भागिले (८ गुणिले १२००) म्हणजे ०.०६ मिमी, म्हणजे दहा पिक्सेल. लेन्स, ॲपर्चर आणि सर्वांत जवळची वस्तू ठरली की एकूण धूसरपणा ठरला. फोकसची रिंग फिरवून तो कमी होत नाही, फक्त जवळच्या आणि लांबच्या टोकांत वाटला जातो. पांघरूण आखूड आहे, डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडणार.

हायपरफोकल म्हणजे ही वाटणी निम्मीनिम्मी करणं. एवढंच. ती नेहमी हवीच असं कुठे लिहिलंय? फोरग्राउंडला शेवाळलेला खडक असेल आणि मागे धुक्यातले डोंगर, तर डोंगरांना शार्पनेसचं काय करायचंय? द्या त्यांच्या वाट्याला जास्त धूसरपणा. उलट पुढे नुसती वाळू आणि लांबवर कातळकड्यांचे बारीक थर असतील तर फोकस मागे ढकला. बहुतेक लँडस्केपमध्ये नजर लांबच्या बारकाव्यांवर जाते, म्हणून माझा कल यापुढे सूत्राच्या दुप्पट अंतराकडे राहील.

१९ ऑक्टोबर

१३ तारखेच्या वाटणीच्या हिशेबातून तक्त्याशिवाय चालणारी पद्धत निघते. शार्प हवी असलेली सर्वांत जवळची वस्तू शोधायची, तिच्या दुप्पट अंतरावर फोकस करायचा. दोन्ही टोकं आपोआप सारखी धूसर होतात, ॲपर्चर कुठलंही असो. ॲपर्चर फक्त किती धूसर ते ठरवतं.

उदाहरण: जवळचा दगड दीड मीटरवर. फोकस ३ मीटरवर. एफ/११ ला दोन्ही टोकांना ०.०१७ मिमी, म्हणजे जेमतेम तीन पिक्सेल. मोठ्या प्रिंटलाही चालून जाईल.

मैदानात हे सूत्रापेक्षा कितीतरी सोयीचं आहे. दुप्पट अंतराचा अंदाज डोळ्याला बऱ्यापैकी येतो. तिथे एखादी वस्तू असेल तर तिच्यावर ऑटोफोकस करायचा, नसेल तर बॅग ठेवायची. फोकस झाला की बॅग उचलायला विसरू नये, हे कार्डावर लिहायची गरज नाही.

एक तांत्रिक तळटीप. अंतर मोजायचं ते सेन्सरला समांतर असलेल्या पातळीपर्यंत, तिरकं नव्हे. कॅमेरा खाली झुकवला की ही पातळीही झुकते, आणि पायाशी असलेला दगड टेप दाखवते त्यापेक्षा ‘जवळ’ असू शकतो.

२० ऑक्टोबर

‘दृश्याच्या एक तृतीयांश आत फोकस करा’ हा नियम जिथेतिथे ऐकू येतो. डेप्थचा एक भाग पुढे, दोन भाग मागे. तपासून पाहिलं. फोकस हायपरफोकल अंतराच्या बरोबर एक तृतीयांशावर असेल तर शार्प पट्टा एक चतुर्थांशापासून निम्म्यापर्यंत जातो. पुढे एक बारांश, मागे एक षष्ठांश. एकास दोन, बरोबर. पण फक्त तिथेच. त्याहून जवळ गेलं की दोन्ही बाजू सारख्या होत जातात, लांब गेलं की मागची बाजू पसरत जाऊन शेवटी अनंत होते. आणि क्षितिजापर्यंतच्या दृश्याचा एक तृतीयांश म्हणजे किती? अनंताला तीनने भागून बघावं ज्याला हौस असेल त्याने.

२६ ऑक्टोबर

आज ॲपर्चर. लेन्स तीच ठेवून एकूण धूसरपणा कमी करायचा तर दोनच वाटा: जवळच्या वस्तूपासून मागे सरकणं किंवा छिद्र लहान करणं. मग थेट एफ/२२ का नाही? कारण डिफ्रॅक्शन. छिद्र लहान झालं की प्रकाश कडांवरून वळून पसरतो आणि अचूक फोकसमधल्या बिंदूचीही चकती होते. तिचा व्यास म्हणजे २.४४ गुणिले तरंगलांबी गुणिले ॲपर्चरचा आकडा. हिरव्या प्रकाशासाठी ०.०००५५ मिमी धरलं तर एफ/८ ला ०.०१०७ मिमी, एफ/११ ला ०.०१४८, एफ/१६ ला ०.०२१५, एफ/२२ ला ०.०२९५.

फोकस २.४ मीटरवर कायम ठेवून दोन्ही टोकांचा धूसरपणा आणि डिफ्रॅक्शन एकत्र केले. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं. ही ढोबळ रीत आहे, पण दिशा दाखवायला पुरते. एफ/८ ला ०.०३२, एफ/११ ला ०.०२६५, एफ/१६ ला ०.०२६३, एफ/२२ ला ०.०३१५.

म्हणजे एफ/८ वरून एफ/११ ला गेलं की टोकं खरोखर सुधारतात. एफ/११ वरून एफ/१६ ला गेल्यावर टोकांना काही मिळत नाही, उलट फोकसमध्ये असलेला मधला भाग बिघडतो. एफ/२२ ला टोकं पुन्हा एफ/८ एवढीच वाईट, आणि मधलाही भाग गेला. शटर मंदावतं ते वेगळंच, गवत हललं की सगळं मुसळ केरात. मैदानातल्या फोटोंनीही हेच दाखवलं: एफ/२२ च्या फ्रेममध्ये जवळपासून लांबपर्यंत सगळं सारखंच, आणि सगळंच मिळमिळीत.

या लेन्ससाठी एफ/११ हा मुक्काम. एफ/१३ पर्यंत हरकत नाही.

२ नोव्हेंबर

एफ/१६ ला एवढं बोल लावल्यावर एफ/६४ ची आठवण येणारच. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे छायाचित्रकारांनी गट काढला आणि त्याला नावच दिलं ग्रुप एफ/६४. मग त्यांचे फोटो डिफ्रॅक्शनने मऊ कसे झाले नाहीत?

कारण निगेटिव्हचा आकार. ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हची कॉन्टॅक्ट प्रिंट काढली तर ती वाढवायचीच नसते, म्हणून सेन्सरवर ०.०३ ची जी मर्यादा, तिथे ०.२ मिमीपर्यंत चालतं. एफ/६४ चं डिफ्रॅक्शन ०.०८६ मिमी. माझ्या सेन्सरवर ते चौदा पिक्सेल झालं असतं, त्यांच्या कागदावर डोळ्याला दिसतही नाही. उलट त्यांना एफ/६४ लागतच होतं: ३०० मिमीची लेन्स, ०.२ मिमी धरून एफ/६४ ला हायपरफोकल अंतर ७.३ मीटर येतं. एवढं बंद करूनही माझ्या २४ मिमीच्या एफ/२.८ पेक्षा लांब! शिवाय त्या कॅमेऱ्यांना लेन्स तिरकी करायची सोय असते, त्यामुळे फोकसची पातळीच जमिनीच्या बाजूने झोपवता येते. तो वेगळा विषय आहे, इथे नको.

दुसऱ्या टोकाला फोन. अल्ट्रा-वाइड लेन्सची खरी फोकल लेंग्थ दोनेक मिलिमीटर असते. एफ/२.२ आणि ०.००३ मिमी धरलं तर हायपरफोकल अंतर साठ सेंटिमीटर. फोकस तिथे कायमचा बसवून टाकला की तीस सेंटिमीटरपासून पुढचं सगळं शार्प. अनेक फोनच्या अल्ट्रा-वाइड लेन्सला फोकसची यंत्रणाच नसते ती याच जोरावर. १९०० साली आलेल्या ब्राउनी या पेटीकॅमेऱ्यातही फोकसची भानगड नव्हती.

९ नोव्हेंबर

रात्रीचं आकाश. एक परिचित १४ मिमी, एफ/२.८ ला हायपरफोकल अंतर २.३५ मीटर काढून तिथे फोकस ठेवत होते. तारे काही केल्या टोकदार येईनात. हिशेब सरळ आहे: त्या अंतराची व्याख्याच अशी की इन्फिनिटीला ०.०३ ची चकती पडेल. डोंगराच्या कडेवर पाच पिक्सेल खपून जातात. तारा म्हणजे शुद्ध बिंदू, त्याचे पाच पिक्सेल म्हणजे फुगा, आणि प्रकाश पसरल्याने अंधुक तारे तर नाहीसेच होतात. ताऱ्यांना वाटणी चालत नाही. एखादा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूत मोठा करायचा, तो सगळ्यांत बारीक होईल तिथे रिंग थांबवायची, जमिनीचा फोटो वेगळा घ्यायचा.

१६ नोव्हेंबर

वाटणी नकोच असेल तर फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या फ्रेम जोडून एक फोटो. इथे सूत्र भलतंच उपयोगी पडतं. हायपरफोकल अंतर एच म्हणू. फोकस एचवर: निम्म्या एचपासून इन्फिनिटी. फोकस एचच्या तिसऱ्या हिश्श्यावर: पाव एचपासून निम्म्या एचपर्यंत. पाचव्या हिश्श्यावर: सहाव्यापासून चौथ्या हिश्श्यापर्यंत. पट्टे एकाला एक जोडून बसतात.

कडक ०.०१ मिमी धरून, एफ/८: एच ७.२२ मीटर. म्हणजे फोकस ७.२, २.४ आणि १.४४ मीटरवर. तीन फ्रेममध्ये १.२ मीटरपासून क्षितिजापर्यंत फोकसचा धूसरपणा दोन पिक्सेलच्या आत. एका फ्रेममध्ये यासाठी एफ/२२ च्या आसपास जावं लागलं असतं, आणि मिळालेलं सगळं डिफ्रॅक्शनने घालवलं असतं. प्रत्यक्षात पट्टे थोडे एकमेकांवर चढावेत म्हणून चौथी फ्रेम घेतलेली बरी. वारा असेल तर मात्र नाद सोडावा, हलणाऱ्या गवताच्या चार वेगळ्या जागा कुठलंच सॉफ्टवेअर नीट जोडत नाही.

१८ नोव्हेंबर

कोपरे. सूत्र असं गृहीत धरतं की फोकसची पातळी काचेसारखी सपाट आहे. वाइड लेन्समध्ये ती बऱ्याचदा वाकलेली असते. सपाट भिंत समोर धरून मधोमध फोकस केला आणि कोपरे बघितले, मग कोपऱ्यात फोकस करून मध्य बघितला. माझ्या लेन्सवर कोपऱ्यात फोकस थोडा जवळच्या बाजूला वळतो. लँडस्केपला हे पथ्यावरच, कारण फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांत जवळच्याच वस्तू असतात. उलट वळणारी लेन्स असेल तर तिथे कुठलंही कॅल्क्युलेटर खोटं पडेल, आणि पाहून घेण्याला पर्याय नाही.

२३ नोव्हेंबर

कार्ड लिहून झालं. मूळ बेत मोठ्या तक्त्याचा होता, उरल्या चार ओळी.

एफ/११. जवळची वस्तू किती लांब, त्याच्या दुप्पट फोकस.

लांबचे बारकावे महत्त्वाचे असतील तर फोकस चौपट अंतरावर: जवळच्याला पाऊण वाटा, लांबच्याला पाव.

जवळची वस्तू सव्वा मीटरच्या आसपास असेल तर स्टॅक: ७.२, २.४, १.४ मीटर, एफ/८.

तारे: इन्फिनिटी, लाइव्ह व्ह्यूवर.

लेन्सच्या रिंगवरची कागदी चिकटपट्टी काढून पक्की लावली, तिच्यावर २.४, ४.८ आणि इन्फिनिटी अशा तीन रेघा आहेत. उकाड्यात आणि थंडीत इन्फिनिटीची रेघ किंचित सरकते का, ते अजून बघायचं आहे. ३५ मिमीचं कार्ड डिसेंबरमध्ये. तिथे एफ/११ ला अंतर ३.७५ मीटर येतं, म्हणजे पावणेदोन-दोन मीटरच्या आत काही ठेवलं की स्टॅकिंगचीच पाळी.